वाढत्या मिरच्यांची तक्रार

मिरच्या चोरीला गेल्या तर काय करायचं, हे आमच्या सोसायटीत लहान पोरालाही ठाऊक आहे. आधी ओरडायचं, मग वॉचमनवर चिडायचं आणि शेवटी पाचशे दोनच्या आजींना विचारायचं, कारण त्यांनी बघितलेलं असतंच. पण मिरच्या वाढायला लागल्या तर काय करायचं, कोणावर चिडायचं आणि कोणत्या तोंडानं, हे मला कोणीही सांगू शकलं नाही. मी छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यातली शेवटची चार उपमुख्याध्यापक म्हणून. मुख्याध्यापक का झालो नाही, हा प्रश्न सभ्य माणसं विचारत नाहीत. एवढ्या वर्षांत बेरीज आपली आपण होताना मी कधी पाहिली नव्हती.

सुरुवात नववर्षाच्या जेवणात झाली. माझ्या सासूबाई ग्वेसानजवळच्या, मिरचीसाठी साऱ्या कोरियात नावाजलेल्या गावात एकट्या राहतात. वय ऐंशी, जीभ पंचविशीतली आणि डावा गुडघा शंभरीतला. डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, की मिरचीच्या सऱ्यांमध्ये उकिडवं बसणं आता बंद, नाहीतर वर्षभरात खुर्चीला खिळाल. माझी बायको आणि तिच्या दोघी बहिणी, म्हणजे मधली आणि धाकटी, जेवण सोडून आईच्या मागे लागल्या होत्या.

"मी शेत सोडलं, तर हिवाळ्याच्या किमचीला तिखट कोण देणार? चार घरांचा कोबी मुरवायचा असतो," सासूबाई म्हणाल्या. "बाजारातलं आणणार? त्यात कुठल्या देशाचं काय मिसळतात ते ऐकलंय का?"

बाजारातल्या तिखटाची किमची ही आमच्याकडे आजारपणासारखी गोष्ट आहे, असते पण कोणी बोलत नाही. त्या शांततेत एक आवाज आला, "मी देईन." तो आवाज कोणाचा म्हणून मीही इकडेतिकडे पाहिलं. तांदळाच्या दारूचा तिसरा वाडगा संपला होता आणि आवाज माझा होता.

"वीस गन लागतं, जावईबापू."

"वीस तर वीस."

मिरचीचा गन सहाशे ग्रॅमचा, मांसाचाही सहाशेचा आणि भाजीचा मात्र चारशेचा. मिरची ही भाजी असून तिला मांसाचं माप का, हे गणिताचा माणूस असूनही मला आजतागायत कळलेलं नाही. सांगायचा मुद्दा, बारा किलो तिखट. सासूबाईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "जावईबापू देणार असतील तर मी शेत सोडते. शब्द देते. पण त्यांना नाही जमलं, तर वसंतात मला कोणी अडवायचं नाही." तिघी बहिणींनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की आजवर तसं मला कोणी पाहिलं नव्हतं. एका बाईचा गुडघा माझ्या हाती होता.

आमच्या छोंगजू शहराच्या कडेला नदीपलीकडे महापालिका हौशी लोकांना जमिनीचे तुकडे भाड्यानं देते. तिथे मे महिन्यात मी ऐंशी रोपं लावली. कागदावर हिशेब चोख होता. एका रोपामागे पाव गन, ऐंशी रोपांचे वीस गन. हा हिशेब रोपांना कोणी सांगितला नव्हता. डावीकडच्या वाफ्यातले गृहस्थ म्हणाले, औषध फवारा. उजवीकडच्या बाई म्हणाल्या, फवारलंत तर मी तुमच्याशी बोलणार नाही. मी दोघांचं मन राखायला अर्ध्या रोपांवर फवारलं. जुलैच्या पावसात करपा आला आणि त्यानं मात्र कसलाही भेदभाव केला नाही. फळांवर गोल गोल चट्टे पडून मिरच्या झाडावरच सडल्या. ऑगस्टच्या मध्याला लाल, धड, हातात धरावीत अशी फळं मोजली, ती सहाशे बारा. वीस गनाला पाच हजारांच्या आसपास लागतात.

बायको म्हणाली, "आईला सांगू नका एवढ्यात."

"मी कशाला सांगू?"

आणि तिनं स्वतःच त्या दिवशी फोनवर आईला सगळं सांगितलं. हे मला पुढे कळलं. बायकोचं म्हणणं असं, की आईला सांगणं म्हणजे कोणाला सांगणं नव्हे.

आता वाळवणं. आमच्या सोसायटीत गाड्या लावायच्या जागेत, दक्षिणेच्या उन्हात, आज्या तीस वर्षं मिरच्या वाळवत आल्या आहेत. ताडपत्री टाकायची, मिरच्या पसरायच्या आणि गाडीवाला आला तर त्याच्याकडे असं बघायचं, की तो दुसरीकडे जातो. पण मी नियमाचा माणूस. मी सोसायटीच्या ऑफिसात जाऊन व्यवस्थापक ग्वाक यांना लेखी अर्ज दिला, 'मिरच्या वाळवण्यासाठी गाडीची एक जागा वापरण्याची परवानगी मिळावी.' ग्वाक यांनी तो दोनदा वाचला. असा अर्ज सोसायटीच्या इतिहासात आला नव्हता. त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं, धूळ झटकली आणि त्यात सापडलं, की सामाईक जागेत अन्नपदार्थ वाळवायला सक्त मनाई आहे.

तासाभरात प्रत्येक घराच्या छतातल्या भोंग्यातून ग्वाक यांचा आवाज आला. "रहिवाशांनी कृपया लक्ष द्यावं. एका रहिवाशानं केलेल्या चौकशीमुळे मिरच्या वाळवण्यावर तत्काळ बंदी घालण्यात येत आहे."

एका रहिवाशानं! नाव घेतलं नाही, पण लिफ्टमध्ये सगळे माझ्याकडे बघायला लागले. पाचशे दोनच्या आजी तर थेट दारातच आल्या. "सर, तीस वर्षं आम्ही न विचारता वाळवत होतो. तुम्ही विचारलंत आणि बंद झालं. शाळेत पण असंच करायचात का?"

तीन दिवस ऊन नुसतं वाया गेलं. मग समितीची तातडीची बैठक झाली आणि तोडगा निघाला. प्रत्येकाला एक जागा, ताडपत्रीला फ्लॅटच्या क्रमांकाची पाटी, सूर्यास्ताला सगळं उचलायचं. माझ्या वाट्याला '७०४' ही पाटी आणि दुपारनंतर जिंकोच्या झाडाची सावली येणारी जागा आली. ही सूडबुद्धी होती असं मी म्हणत नाही. मनात ठेवतो.

सोमवारी सकाळी मी मिरच्या पसरल्या. दहा-दहाच्या ओळी, एकसष्ट ओळी आणि वर दोन. मंगळवारी सकाळी त्या पुन्हा मांडल्या आणि सुलेखनाच्या वर्गाला गेलो. निवृत्त माणसाला आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, घराबाहेर काढायचा बायकोचा हा उपाय आहे. दुपारी परत आलो तर ओळी मोडल्या होत्या आणि मिरच्या दाट दिसत होत्या. मोजल्या. नऊशे अठ्ठेचाळीस.

पुन्हा मोजल्या. नऊशे सत्तेचाळीस. एक बुटाखाली निघाली.

"अहो, छत्तीस वर्षं गणित शिकवलंत," बायको म्हणाली.

"म्हणून तर सांगतोय!"

"मग काय, मिरच्यांना पोरं झाली?"

शुक्रवारी वर्गावरून आलो, तर तेराशे सहा. शनिवार, रविवार, सोमवार काही नाही. मंगळवारी सतराशे. शिवाय आणखी एक चमत्कार. माझ्या स्वतःच्या मिरच्या, त्यातल्या ज्यांच्यावर वाळताना पांढुरके डाग पडले होते त्या, कमी होत होत्या. म्हणजे कोणीतरी आणून टाकत होतं आणि कोणीतरी नेतही होतं, आणि दोघांपैकी एकाचाही हेतू लागत नव्हता. मी वहीत आलेख काढला. वाढ फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी. त्याच दोन दिवशी आमच्याकडे सुका कचरा वेगळा करून द्यायचा असतो. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लोक घरातल्या जुन्यापान्या मिरच्या माझ्या ताडपत्रीवर फेकत होते! माझी ताडपत्री म्हणजे काय उकिरडा?

पण मिरच्या तर उत्तम होत्या. लांब, जाड सालीच्या, उन्हाला धरल्या तर बी दिसावं अशा पारदर्शक. इतक्या चांगल्या मिरच्या कचऱ्यात कोण टाकतो? मी पुरता गोंधळलो आणि गोंधळलेला मध्यमवर्गीय माणूस जे करतो तेच केलं. ऑफिसात गेलो.

"सीसीटीव्हीचं चित्रण पाहायचंय," मी म्हणालो.

ग्वाक यांनी फॉर्म पुढे केला. "ज्याचं नुकसान झालं त्यालाच बघता येतं. खासगी माहितीचा कायदा आहे. काय चोरीला गेलं?"

"गेलं नाही. आलं."

"काय आलं?"

"मिरच्या. रोज... म्हणजे मंगळवारी आणि शुक्रवारी वाढतात."

ग्वाक यांनी पेन खाली ठेवलं. "सर, फॉर्मवर 'नुकसानीचा तपशील' असा रकाना आहे. वाढीचा नाही."

"मग 'सापडलेली वस्तू' मध्ये घाला."

"त्यासाठी वस्तू जमा करावी लागेल. किती आहेत?"

"सुमारे अकराशे. पण त्यातल्या माझ्या कोणत्या ते आता सांगता येणार नाही."

ग्वाक यांनी माझ्याकडे फार सहानुभूतीनं पाहिलं. ही नजर मला ओळखीची होती, कारण वर्गात मी स्वतःच ती वापरायचो. "सर, एक सांगू? तुमच्याकडे दुसऱ्याचा माल आलाय. म्हणजे नुकसान दुसऱ्याचं. त्या दुसऱ्यानं अर्ज केला, तर तुम्ही अर्जदार नाही... दुसऱ्या बाजूला येता. मी तुमच्या जागी असतो तर गप्प बसलो असतो."

हा सल्ला मी ऐकला असता तर बरं झालं असतं. पण मी जिन्यात वॉचमनला सांगितलं, वॉचमननं पोस्टमनला सांगितलं, आणि दुसऱ्याच दिवशी नऊशे तीनच्या आजी आपल्या ताडपत्रीवर ओणव्या होऊन मिरच्या मोजताना दिसल्या. त्यांनी आयुष्यात कधी मिरच्या मोजल्या नव्हत्या, त्यामुळे आधी किती होत्या हे त्यांना माहीत असणं शक्यच नव्हतं. पण कमी झाल्यात, एवढं मात्र त्यांना नक्की माहीत होतं.

"गेल्या आठवड्यात पावसाची सर आली तेव्हा सगळ्यांनी पळापळ करून मिरच्या गोळा केल्या, आठवतंय?" त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या. "तेव्हाच मिसळल्या. आणि तेव्हापासून ह्यांच्या वाढतायत, माझ्या घटतायत. सातशे चारचं झाड तर करप्यानं मेलं म्हणे. मग मिरच्या काय आभाळातून पडल्या?"

"आजी, मी स्वतःच तक्रार केली होती की वाढतायत!"

"हां. चोर तो चोर, वर शिरजोर."

मी उपमुख्याध्यापक होतो. कॉपी करणाऱ्या चौदाशे मुलांना मी हातानं पकडलंय. त्या मला चोर म्हणाल्या आणि माझ्या तोंडून फक्त "अहो... अहो..." एवढंच निघालं. त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. बायकोनं आग्रहही केला नाही, याचं जास्त वाईट वाटलं.

नऊशे तीनच्या आजींनी नुकसानग्रस्त म्हणून रीतसर अर्ज केला आणि सीसीटीव्ही बघायला परवानगी मिळाली. ऑफिसच्या छोट्या खोलीत ग्वाक, त्या, साक्षीदार म्हणून पाचशे दोनच्या आजी आणि दुसऱ्या बाजूचा म्हणून मी, असे दाटीवाटीनं बसलो. ग्वाक यांनी मंगळवारची सकाळ लावली.

पडद्यावर चार बायका आल्या. चौघींच्या डोक्यावर कपाळ झाकणारी तीच मोठी टोपी, तोंडाला तेच उन्हाचं फडकं, हातात त्याच बाह्या, आणि तोच फुलाफुलांचा ढगळ पायजमा. आमच्याकडे साठीनंतर बायका एकाच गाठोड्यातले कपडे काढून घालतात की काय, असं मला नेहमी वाटतं. त्यातली एक चाकांची पिशवी ओढत माझ्या ताडपत्रीपाशी आली, मटकन बसली आणि पिशवीतून मिरच्या काढून पसरायला लागली. एकेक मिरची फडक्यानं पुसून. मधूनच माझी एखादी डागाळलेली उचलून शेजारणीकडे देत होती.

"टाकतेय! घेत नाहीये!" मी उठूनच उभा राहिलो.

"बसा सर, ग्वाकसाहेबांच्या पायावर उभे आहात," पाचशे दोनच्या आजी म्हणाल्या. "त्यात काय एवढं. ती मीच आहे."

"तुम्ही? मला मिरच्या कशाला देता?"

"दया आली."

ग्वाक यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "आणि ही शेजारी उभी आहे, डाग असलेल्या मिरच्या घेतेय, ती कोण?"

पाचशे दोनच्या आजींनी डोळे बारीक केले. "ती पण मीच."

"आजी, दोघी एकाच वेळी दिसतायत."

"मग? माझा वावर असतोच सगळीकडे."

ग्वाक यांनी चित्रण पुढे सरकवलं. बसलेली बाई उठायला लागली. आधी उजवा हात जमिनीवर टेकला, मग डावा गुडघा दोन्ही हातांनी धरला, थांबली, मांडीवर दोन चापट्या मारल्या, जशा बैलाला मारतात तशा, आणि मग शेजारणीच्या खांद्याला धरून हळूहळू उभी राहिली. ते उठणं मी तीस वर्षं बघत होतो.

"कोण आहे ओळखलंत का, सर?" ग्वाक यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "ह्याच पाचशे दोनच्या आजी."

त्या आजींनी माझ्याकडे पाहिलं. आमची तीस वर्षांत पहिल्यांदाच युती झाली होती. नऊशे तीनच्या आजी माझी माफी न मागता म्हणाल्या, "मग माझ्या कोणी नेल्या?" आणि तो तपास मला वाटतं अजून चालू आहे.

शुक्रवारी मी सुलेखनाला गेलो नाही. जिंकोच्या झाडामागे उभा राहिलो. दहाच्या सुमारास समोरच्या बसथांब्यावरून ती टोपी, ते फडकं आणि ती चाकांची पिशवी हळूहळू आली. मंगळवारी आणि शुक्रवारी सासूबाई गुडघ्याच्या इंजेक्शनला छोंगजूच्या दवाखान्यात येत होत्या, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. "दवाखान्यातून परस्पर घरी जाते, तुम्ही उगाच येऊ नका," असं त्या लेकींना दटावत. आणि आलेखात मंगळवार-शुक्रवार काढून मी कचऱ्याच्या निष्कर्षाला पोचलो होतो. गणिताच्या माणसानं हे कुठे बोलू नये.

"आई," मी म्हणालो.

त्या दचकल्या नाहीत. फडकं खाली ओढून म्हणाल्या, "वर्ग बुडवलात वाटतं."

"ह्या मिरच्या कुठल्या?"

"दोन ओळी लावल्या होत्या. टेकाडापलीकडे. माती मोकळी पडलेली बघवेना."

पिशवी मी उचलून बघितली. दोन ओळींची नव्हती. "किती रोपं?"

"तीनशे." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "लेकींना सांगू नका. शब्द दिलाय मी त्यांना. आणि तुमची इन-ग्योंग फोनवर रडत होती, की ह्यांची बाग गेली, आता ह्यांना सगळ्यांसमोर मान खाली घालायला लागणार. म्हटलं, माझ्या मिरच्या घरी ठेवल्या तर मी सापडते. तुमच्या ताडपत्रीवर टाकल्या तर दोघंही सुटतो. तुमचं नाव, माझं शेत. बिघडलं कुठं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं होतं. वीस गन! मधली आणि धाकटी, दोन्ही साडू, सगळे बघणार होते. मी गप्प बसलो. त्या खाली बसून मिरच्या पुसायला लागल्या आणि मी त्यांच्यावर छत्री धरून उभा राहिलो. तेवढंच माझ्या हातून झालं.

जास्तीच्या मिरच्या पाचशे दोनच्या आजींनी दयेपोटी दिल्या, असं बायकोला सांगून सप्टेंबरअखेर मी सगळ्या मिरच्या कांडपवाल्याकडे नेल्या. तिथे बायका आपापल्या मिरच्यांवर नजर ठेवून बसतात, कोणाची कोणात मिसळू नये म्हणून. कांडपवाल्यानं मूठभर उचलून वास घेतला. "काय माल आहे! कुणी पिकवला?" मी खोकलो. तिखटाच्या खकाण्यात सगळेच खोकतात, त्यामुळे ते खपून गेलं. वजन भरलं, एकवीस गन. त्याचं छायाचित्र मी कुटुंबाच्या गटावर टाकलं. मधलीनं टाळ्यांचे अकरा हात पाठवले आणि धाकट्या साडूनं 'दादा, तुम्ही गुरू आहात' असं लिहिलं. ते वाचून मी दोन दिवस तरंगत होतो आणि मग दोन महिने झोपलो नाही.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी सगळे किमचीसाठी सासूबाईंच्या अंगणात जमलो. खारवलेला कोबी डोंगराएवढा, मुळ्याचा कीस, लसूण, खारवलेली कोळंबी आणि मधे लालभडक तिखटाचं घमेलं. चुलीवर डुकराचं मांस उकडत होतं. बायका हातात रबरी मोजे चढवून पानापानात मसाला भरत होत्या, आणि साडू मंडळी जड टोपल्या उचलताना दुप्पट आवाज करत होती.

"भाऊजी, काय रंग आलाय!" मधली म्हणाली. "आईच्या तिखटाच्या तोडीचा."

"तोडीचा काय, तोच वाटतो," धाकटी म्हणाली.

"पुढच्या वर्षी पंचवीस गन देणारेत," सासूबाई एकदम म्हणाल्या आणि माझ्याकडे न बघता कोबीत मसाला दाबत राहिल्या. "धाकटीच्या सासरीसुद्धा द्यायचं म्हणाले."

मी असं काहीही म्हणालो नव्हतो. मनातल्या मनात मी रोपांचा हिशेब केला. पंचवीस गनाला साडेतीनशे, पावसाचा भरवसा नाही म्हणून चारशे. त्या ऐंशी वर्षांच्या, आणि चारशे रोपांपुढे उकिडव्या. तेवढ्यात त्या मीठ आणायला उठायला लागल्या. घमेल्याच्या काठावर हात टेकला, घमेलं सरकलं आणि त्या पुन्हा स्टुलावर बसल्या. "पायाला मुंग्या आल्या," त्या हसून म्हणाल्या. सगळे हसले. धाकटीनं धावत जाऊन मीठ आणलं.

माझं नाव आणि त्यांचं शेत. माझ्या नावासाठी ही बाई स्वतःचा गुडघा मोडत होती, आणि मी टाळ्यांचे हात मोजत बसलो होतो. मला माझी शरम वाटली. इतकी, की मोठ्यानं बोलल्याशिवाय ती जाणार नव्हती.

"ह्या मिरच्या माझ्या नाहीत," मी म्हणालो.

मग मधली म्हणाली, "बघा, किती विनय! नाहीतर आमचे हे, एक दोडका लावला तर गावभर सांगतात."

"विनय नाही. खरंच माझ्या नाहीत."

"भाऊजी, पुरे आता. कळलं आम्हाला."

आपण अपयशी आहोत हे पटवून द्यायला एवढे कष्ट पडतात, हे मला माहीत नव्हतं. "पहिला तोडा सहाशे बारा, दुसरा एकशेचाळीस, एकूण सातशे बावन्न, त्यातल्या निम्म्याहून जास्त डागाळलेल्या..."

"अहो, आकडे नकोत," बायको म्हणाली.

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. त्या नजरेनं कोबी आपोआप खारवला गेला असता. पण आता मागे फिरलो असतो तर पुन्हा हिंमत झाली नसती. मी हातातला मोजा काढला आणि पाचशे दोनच्या आजींना फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"आजी, मी प्यो बोलतोय. माझ्या मिरच्या कशा होत्या, ते जरा ह्या लोकांना सांगा."

"तुमच्या?" पलीकडे त्या पोट धरून हसायला लागल्या. "अगं बाई! त्या तर मी माझ्या हातानं कचऱ्यात टाकल्या. तुमच्या सासूबाई वेचून देत होत्या, मी टाकत होते. वाईट वाटून घेऊ नका सर, माणूस म्हणून तुम्ही ठीक आहात." मग त्यांचा आवाज बदलला. "तिचा गुडघा कसा आहे हो? शेवटी शेवटी तर उठताच येत नव्हतं तिला. बसथांबा समोरच आहे, पण तिथवर जायला आम्हाला अर्धा तास लागायचा. मी म्हटलं लेकींना सांगते, तर माझे हात धरून बसली."

मी फोन बंद केला.

"आई," माझी बायको म्हणाली. "किती रोपं?"

"दोन ओळी."

"आई."

"तीनशे," सासूबाई म्हणाल्या. आणि मग माझ्याकडे बघून, "चहाडखोर!"

त्यानंतर जे झालं ते सगळं मला सांगता येणार नाही, कारण तिघी एकाच वेळी बोलत होत्या. मधली ओरडत होती, धाकटी रडत होती, आणि बायको आईवरचा राग अर्धा करून माझ्यावर काढत होती. "सप्टेंबरपासून माहीत होतं तुम्हाला? सप्टेंबरपासून? आणि ते तिखट मिरवत होतात?" धाकटे साडू माझ्याकडे बघत हळूच दोन पावलं लांब सरकले.

सासूबाई कोबीचं एक पान हातात घेऊन नुसत्या बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "बरं. नाही लावत." तिघी थांबल्या. "शेत शेजारच्या मुलाला करायला द्या. खरंच नाही लावत आता. पण माझी एक अट आहे. हे पण लावणार नाहीत."

"कबूल!" तिघी एका सुरात म्हणाल्या. एवढं एकमत त्या घरात मी कधी पाहिलं नव्हतं, आणि एवढ्या घाईची काही गरज नव्हती.

"माझं जरा ऐका," मी सुरुवात केली. "ह्या वर्षी करपा होता, पण योग्य अंतर ठेवलं तर..."

"आ करा, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी ताज्या कोबीचं पान घेतलं, त्यात मांसाचा तुकडा ठेवला, वर मसाल्याचा चांगला गोळा थापला आणि ती मुठीएवढी गुंडाळी माझ्या तोंडात कोंबली. तोंड मिटेना, बोलता येईना, डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. आणि मग त्यांनी माझ्या खांद्यावर दोन्ही हात टेकले, सगळा भार टाकला आणि तिन्ही लेकींच्या देखत, सावकाश, उठून उभ्या राहिल्या. मी तसाच बसून राहिलो. हललो असतो तर त्या पडल्या असत्या.